चौथीच्या पुस्तकातला उरूस

१० नोव्हेंबर, सोमवार

निवड झाली. माझी! चौथीचं मराठीचं पुस्तक नवीन होणार, त्याच्या समितीत मी. फोन आला तेव्हा वर्गात भागाकार चालला होता. वर्गात ओरडायचं नाही म्हणून व्हरांड्यात जाऊन ओरडले. माझ्या शाळेतली, कंग्राळीची पोरं खिडकीतून बघतायत, बाईंना काय झालं.

शहापुरात घरी आले तर यांचा माग चालू. "समितीत घेतलं मला!" "कसली? पाण्याची?" माग बंद करायला लावून परत सांगितलं. सासरे, आप्पा, उंबऱ्यात बसून सुताच्या कांड्या भरत होते. म्हणाले, "म्हंजे तू ल्हिलेलं पोरं वाचनार?" सगळं नाही आप्पा, थोडं. "थोडं बी लई झालं की गं."

खरंच लई. कर्नाटकातल्या सरकारी मराठी शाळा म्हणजे बहुतेक आमच्याच बेळगाव भागातल्या. इतकी वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं शिकवलं. पोरं विचारायची, "बाई, ह्यात आमचं गाव कुठं हाय?" आता बघू!

२२ नोव्हेंबर, शनिवार

धारवाडला पहिली बैठक. येताना डोक्यात भोवरा.

अध्यक्षबाई कॉलेजातून रिटायर झालेल्या, बारीक चणीच्या, आवाज खणखणीत. सुरुवातीलाच म्हणाल्या, "सरकार बदललं की पुस्तक बदलतं. कुणी धडे घालतं, कुणी काढतं. आणि भांडण कायम धर्मावरून. हे पुस्तक बघून कुठल्या सरकारनं छापलं ते कळता कामा नये, एवढंच मागते." टाळ्या. मी सगळ्यात जोरात.

मला आठवतंच की. मागे एकदा अर्ध्या वर्षात सर्क्युलर आलं, अमुक धडा शिकवू नये. पोरांनी धडा पाठ केलेला. एकानं विचारलं, "आता इसरायचा?"

दोघं लक्षात राहिले. बेळगावचे पोतदार सर, संस्कृत शिकवायचे, आता रिटायर. बोलणं शुद्ध, चेहरा कडक. आणि बोरगावच्या शाळेचे मुल्ला सर. पोरांसाठी कविता करतात, काय सुंदर म्हणून दाखवली! चहाला सगळे त्यांच्याभोवती.

पोतदार सर म्हणाले, पहिल्या पानावर सरस्वतीची प्रार्थना हवी. सगळ्यांनी हात वर केले. मीही, आनंदानं. लहानपणी हीच म्हणत शाळेत गेले. मुल्ला सरांचा हात टेबलावरच. बाईंनी विचारलं तर म्हणाले, "घाला की. माझी ना न्हाय. पर शेवटच्या पानापर्यंत आमच्या पोरांना बी कुठंतरी आपलं घर दिसू दे."

मग बाईंनी कामं वाटली. 'आपल्या भागातला सण' हा धडा माझ्याकडे! येताना बसमध्ये मुल्ला सरांचं वाक्यच ऐकू येत होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

सापडला. धडा सापडला!

दिवाळी नको, गणपती नको, ते सगळ्या पुस्तकांत आहे. आत्यांच्या गावचा उरूस! आत्या म्हणजे आप्पांची बहीण. निपाणीच्या पुढे, कोगनोळीच्या अलीकडे त्यांचं गाव. तिथल्या दर्ग्यात पिराच्या कबरीवर घालायची चादर, गलेफ म्हणतात, ती दरसाल आमच्या मागावरून जाते. हिरवी, जरीच्या काठाची. आप्पांच्या वडलांपासून. का, ते कुणी विचारलंच नव्हतं. आज मी विचारलं.

आप्पा म्हणाले, "त्यात काय. आक्काचं लगीन झालं त्या गावात. मग गावाचं काम आपलं झालं." एवढंच. मी काहीतरी नवस, चमत्कार असेल म्हणून वही घेऊन बसले होते. हे हसायला लागले.

धडा एका बैठकीत झाला. एक मुलगी आजोबांबरोबर गलेफ घेऊन गावाला जाते. पाळणा, बत्तासे, मलिदा. पाटलांच्या वाड्यापासून मिरवणूक. तिला गलेफाचं एक टोक धरायला मिळतं, हात दुखतात तरी सोडत नाही. उपदेश एकही नाही. हेतूनं टाळला.

कणीक मळताना मोठ्यानं वाचून बघितला. चांगला झालाय. मीच म्हणते!

१३ डिसेंबर, शनिवार

कसला दिवस.

धडा वाचला. मलिद्याच्या जागी सगळे हसले, शेवटी टाळ्या. मी तरंगत होते. मग पोतदार सर चष्मा काढून म्हणाले, "भाषा उत्तम आहे मॅडम. पण दर्गा? चौथीच्या सरकारी पुस्तकात? उरूसच्या जागी जत्रा करा, पिराच्या जागी नाथबाबा. बाकी धडा तसाच राहील. आक्षेप संपला."

मी म्हटलं, आक्षेप संपेल, गाव पण संपेल.

मुल्ला सरांकडे बघितलं, आता हे बोलतील. बोलले. "मॅडम, धडा झ्याक हाय. पर छापू नका."

मला कळेना. त्यांनीच तर घर मागितलं होतं! हळूहळू सांगितलं त्यांनी. त्यांच्याकडे आता काही लोक म्हणतात उरूस, गलेफ हे धर्मात बसत नाही. पोरांना जाऊ देत नाहीत. उद्या म्हणतील, सरकार आमच्या पोरांना कबरीपुढं वाकायला शिकवतंय. "आन् समितीत कोन होता? मुल्ला मास्तर. तुम्ही धडा ल्हिऊन शहापूरला जाणार. मला गावात ऱ्हायाचं हाय."

एका बाजूनं हे, दुसऱ्या बाजूनं ते. माझा धडा मधे! मला रागच आला. म्हटलं, मग धर्माचं सगळंच काढू. सरस्वतीची प्रार्थना पण काढा.

पोतदार सर लाल. "सरस्वती म्हणजे विद्या. त्यात धर्म कुठं आला?"

"उरूस म्हणजे गाव. त्यात धर्म कुठं आला?"

माझ्या तोंडून हे कसं निघालं कोण जाणे. कान तापले होते. मुल्ला सर खाली बघून हसत होते. आणि बोलता बोलता मलाच जाणवलं की त्यात थोडा धर्म आहेच. सरस्वतीत पण, पिरात पण. मला एक दिसत होता, दुसरा दिसत नव्हता. प्रार्थनेला हात वर करताना मी त्यांच्या हाताकडे कुठं बघितलं होतं?

अध्यक्षबाईंनी टेबल वाजवलं. "इथं बसून ठरणार नाही. वर्गात शिकवून बघा. पण अदलाबदल करून. मॅडम, तुम्ही उरूस बोरगावला शिकवायचा. मुल्ला सर, तुम्ही प्रार्थना कंग्राळीला. पोतदार सर दोन्हीकडे मागं बसून बघतील."

काय बाई आहे!

८ जानेवारी, गुरुवार

बोरगाव. निपाणीत बस बदलून पोचले तर पोतदार सर आधीच मागच्या बाकावर, मांडीवर टिपणवही. पहिल्या नोकरीत पण एवढी धडधड नव्हती.

शिकवायला लागले आणि विसरले सगळं. पोरं आपल्या गावच्या उरसावरून मधे मधे माझाच धडा दुरुस्त करतायत. "बाई, पाळण्याच्या आधी मौत का कुआँ ल्हिवा!" एक सानिया म्हणून मुलगी, धीट. म्हणाली, "आमी आता उरसाला जात न्हाय. अब्बा नको म्हणत्यात. पर दादी मलिदा आणती गुपचूप." वर्ग हसला, ती पण हसली. शेजारचा पार्श्व म्हणाला, "आमी जैन. आमी बी गलेफाला जात न्हाय, पर मलिद्यात नुस्ता गूळ आन् चपाती आस्ती, मग चालतंय." म्हटलं, अजून कोण जात नाही? चार हात वर. मलिदा कुणी कुणी खाल्लाय? सगळा वर्ग!

मागून खोकल्याचा आवाज. पोतदार सर हसू दाबत होते. नक्की हसूच ते.

पण सानियाचा विचार डोक्यातून जात नाही. हे पुस्तक ती घरी नेणार. अब्बा उघडणार. मुल्ला सर घाबरट नाहीत, त्यांना सानिया माहीत आहे. मला आज कळली.

१३ जानेवारी, मंगळवार

आज मुल्ला सर कंग्राळीत. आमच्या पालक समितीच्या अध्यक्ष कल्पनाताई, भाजीपाला पिकवतात, मुलगी माझ्याच वर्गात, त्या पण हौसेनं येऊन बसल्या. पोतदार सरांच्या शेजारी!

सरांनी प्रार्थना चालीवर घेतली. असा आवाज! शेजारच्या वर्गातली पोरं दारात. मग अर्थ सांगितला, वीणा, हंस, पुस्तक. तेवढ्यात एकानं विचारलं, "सर, तुमी सरस्वतीला नमस्कार करता?"

मी भिंतीला टेकले.

सर म्हणाले, "न्हाय. आमच्यात तसं न्हाय करत. पर पुस्तकाला पाय लागला तर उचलून डोळ्याला लावतो. तुम्ही काय करता?"

"आमी बी!"

"मग चला पुढं, दुसरं कडवं."

एवढंच. वाटेत पोतदार सर रिक्षाची वाट बघत होते, म्हणाले, "इतक्या वर्षांत ही प्रार्थना मी अशी शिकवली नाही." अंगावर काटा. जिंकलो असं वाटलं.

१४ जानेवारी, संक्रांत

जिंकलो कसलं.

सकाळी तिळगुळाच्या मेसेजांत मधेच एक क्लिप. काल वर्गातली. पोराचा प्रश्न ऐकू येतो, सरांचं "न्हाय" ऐकू येतं आणि तुटते. खाली लिहिलंय, सरकारी शाळेत देवीचा अपमान. नाव, गाव, सगळं.

दुपारी मुल्ला सरांचा फोन. त्यांच्याकडे दुसरीच फिरतेय. त्यात सर प्रार्थना म्हणतात तेवढंच. खाली लिहिलंय, मास्तर देवीचं भजन गातोय. एकाच तासाचे दोन तुकडे!

"मॅडम, एका दिवसात दोन्हीकडनं गेलो बघा," म्हणून हसले. मग म्हणाले, "मशिदीच्या जमातीनं संध्याकाळी बोलवलंय." हसू गेलं.

हळदीकुंकवाला शेजारणी आल्या, वाण दिलं, काय दिलं आठवत नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

शाळेच्या गेटवर मोटारसायकली. गावातला एकही नाही, सगळे शहरातून आलेले. "मुल्लाला कोणी बोलावलं? मॅडमला बाहेर काढा." पोरांना वर्गात बसवून दाराला कडी घातली.

बाहेर गेले तर माझ्या आधी कल्पनाताई. शेतातून तशाच आलेल्या, पदर खोचलेला. "मी मागच्या बाकावर बसलेली. तुमी कुठं बसलावता?" एक जण म्हणाला, व्हिडिओ बघितला आम्ही. "त्यो व्हिडिओ माजाच हाय! मी काढलेला. मालकांना दावाया. पालकांच्या ग्रुपवर टाकला, कुनी कापला त्याला मी हुडकतेच. आदी ह्यो अख्खा बगा, मग बोंबला."

आणि फोन वर धरला. गेटवर उभं राहून त्या मोटारसायकलवाल्यांनी अख्खा तास बघितला! पुस्तक डोळ्याला लावायचं आलं तेव्हा एकानं दुसऱ्याकडे बघितलं. सगळे नाही निवळले. जाताना एक धमकी देऊनच गेला. पण गेले.

कल्पनाताई मग वर्गाच्या पायरीवर बसून रडल्या. "माज्यामुळं झालं ओ बाई." मी त्यांचा हात धरला.

अख्खी क्लिप त्यांनी मिळेल तिकडे पाठवली. मी मुल्ला सरांना पाठवली. त्यांनी जमातीत दाखवली म्हणे. म्हातारी माणसं म्हणाली, ह्यात वाईट काय. तरणी म्हणाली, समिती सोडा. "आणि तुम्ही?" मी विचारलं. "आजून काय ठरवलं न्हाय."

वरच्या ऑफिसातून मला पत्र. लेखी खुलासा द्या. दिला. सानियाच्या दादीचा मलिदा तेवढा लिहिला नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

उरूस! रजा टाकून सगळे गेलो. आप्पा गाडीत गलेफ मांडीवर घेऊन बसले, दुसऱ्या कुणाला देईनात.

मुल्ला सर येतील का म्हणून मी सारखी रस्त्याकडे बघतेय. आले नाहीत. आणि गाडीतून उतरलं कोण? पोतदार सर! बायकोसकट! "बघायला आलोय, पटायला नाही," आल्या आल्या म्हणाले. काकू मागून, "मला तर पाळण्यात बसायचंय."

पाटलांच्या दारातून मिरवणूक निघाली. ढोल, ताशा, उदाचा धूर. गलेफ पसरला, चौघांनी चार टोकं धरली. आप्पांचा खांदा दुखतो हल्ली. त्यांनी मागं बघितलं, सगळ्यात जवळ पोतदार सर. "धरा की ओ जरा. जड हाय."

सरांनी धरलं! मी श्वास रोखून बघतेय. चार पावलं गेल्यावर वाकून आप्पांना विचारतायत, "इथं काय म्हणायचं असतं?"

"काय बी म्हना. त्यास्नी सगळं कळतंय."

सर पुटपुटत होते काहीतरी, दर्ग्याच्या पायरीपर्यंत. काय ते विचारायचं धाडस झालं नाही. संस्कृत असावं. दर्ग्यातल्या मुजावरांनी गलेफ घेतला, सगळ्यांच्या हातावर मलिदा ठेवला. काकूंनी दोनदा घेतला.

आज किती दिवसांनी पोटभर हसले.

७ फेब्रुवारी, शनिवार

शेवटची बैठक. मला वाटलं पोतदार सर आता आपले. कसलं काय!

"धडा मला आवडतो," ते म्हणाले. "उरूसही बघून आलो, त्या माणसांविषयी मनात आदर आहे. तरी माझा विरोध. आज आपण घालू. उद्याचं सरकार काढेल. आणि काढताना गावात विचारलं जाईल, का काढला, कुणी काढायला लावला. आज ते गाव एकत्र गलेफ नेतं, कारण तिकडे कुणाचं लक्ष नाही. आपण लक्ष वेधू नये."

हे खरं असेल तर? माझा धडाच त्या गावाला लागला तर? आत्या डोळ्यासमोर आल्या.

तेवढ्यात दार उघडलं. मुल्ला सर! घामाघूम, बस चुकली म्हणून. मला तर टाळी वाजवावीशी वाटली. बसायच्या आधीच बोलायला लागले. "मीच छापू नका म्हटलं होतं. आता म्हणतो छापा. मी भ्यालो होतो. आजून भ्यालेलाच हाय. जमातीत दोघं-तिघं बोलत न्हाईत माझ्याशी. पर आता काढला तर समद्यांना कळंल, आरडलं की निघतंय. मग उद्या प्रार्थनेवर आरडतील, परवा कवितेवर. शेवटी पुस्तकात उरंल काय? पाढे?"

पोतदार सर म्हणाले, "पाढे गणिताच्या पुस्तकात." सगळे हसले, ते पण. पण विरोधाला वर केलेला हात खाली घेतला नाही त्यांनी.

मतं सारखी पडली! अध्यक्षबाईंनी आपलं दिलं नाही. म्हणाल्या, उरूसवाला आणि पोतदार सरांनी सुचवलेला जत्रावाला, दोन्ही मसुदे बेंगळूरला पाठवते, विरोधाची कारणं पण जोडते, लपवाछपवी नको. मी भांडले. मुल्ला सर भांडले. उपयोग झाला नाही.

प्रार्थना राहिली, पण आत, कवितांच्या भागात. पहिल्या पानावर आता रेघा. वर लिहिलंय, 'तुमच्या शाळेत सकाळी काय म्हणता? लिहा.' हे मात्र सगळ्यांना पटलं, पोतदार सर थोडे उशिरा.

जेवताना तिघं एका टेबलाला बसलो. पोतदार सरांनी आपली पापडी मुल्ला सरांच्या ताटात टाकली, दात नाहीत म्हणून.

२१ फेब्रुवारी, शनिवार

बेंगळूरहून फोन! बोलणारे हळू मराठी, मधे कन्नड. धडा "वर" आहे. कुठला मसुदा घेणार ते अजून ठरलं नाही. पण नाही म्हणाले नाहीत! माझ्यासाठी काम आहे. उरूसच्या मसुद्यात शब्दार्थ नाहीत. गलेफ, उरूस, दर्गा, पीर. सोमवारी सकाळी पाहिजेत. "सुम्मने एरड एरड पद साकु, मॅडम. साहेब शब्दार्थच आधी बघतात." म्हणजे दोन दोन शब्द पुरेत. दोन शब्द!

म्हणजे धडा जिवंत आहे. मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

दुपारपासून तेच. गलेफ, सोपं, 'कबरीवर घालायचं वस्त्र'. उरूस, 'पिराची जत्रा'. पोतदार सरांची जत्रा अशी कामाला आली. दर्गा पण जमला. पीर अडला.

पोतदार सरांना फोन केला. ते म्हणाले, "मुसलमान संत. स्पष्ट लिहा. अर्थ दिला नाही तर लोक आपापला भरतील. चुकीचा भरतील." माझ्या बाजूचे नाहीत, तरी दहा मिनिटं शब्दकोश बघून सांगत होते.

रमजान चालू आहे, म्हणून मुल्ला सरांना संध्याकाळी, रोजा सुटल्यावर फोन केला. मागं पोरांचा गलका, भांड्यांचा आवाज. ते म्हणाले, "मुसलमान संत ल्हिलं तर सानियाचा बा म्हणंल आमच्यात असला संत न्हाय. आन् निस्तं संत ल्हिलं तर पोतदार सर म्हणतील चोरून आणला." मग काय लिहू? "मला म्हाईत असतं तर मी कवी झालो नसतो काय मोठा?" आणि हसत सुटले. ठेवताना म्हणाले, जमातीतला एक जण आज इफ्तारीला शेजारी येऊन बसला. बोलला काही नाही. पण बसला.

आप्पांना विचारलं, पीर म्हणजे काय? त्यांनी कांडी थांबवली. "म्हंजे काय म्हंजे? पीर म्हंजे पीर."

चार वेळा लिहून खोडलं. एक अर्थ वाचून साहेब धडा ठेवतील, दुसरा वाचून काढतील आणि कुठला कशासाठी हे मला माहीत नाही. घाबरायला पाहिजे खरं तर. पण आत नुसतं उसळतंय.

यांचा माग थांबला. दारातून विचारतायत, "झालं काय गं?"

म्हटलं, झालं. एकच शब्द राहिलाय.